कागदावर सतरा

जनकाबाई पाईकराव अंगणवाडीत सेविका म्हणून लागली अठ्ठ्याण्णव साली. गोरेगावच्या अलीकडं, सेनगावच्या रस्त्याला एक फाटा फुटतो. त्या फाट्यानं आत दीड किलोमीटरवर तिचं गाव, आणि गावापासून तेवढ्याच अंतरावर माळाला बंजाऱ्यांचा तांडा. दोन्हीकडची लेकरं, दोन्हीकडच्या गरोदर बाया, सगळ्यांची नावं आणि वजनं तिच्या रजिस्टरात असायची. पुढं मतदार यादीचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. ते काम करणाऱ्याला बीएलओ म्हणतात. कुणाचं नवीन नाव घालायचं, मेलेल्याचं काढायचं, नांदायला गेलेल्या पोरीचं नाव सासरच्या गावी पाठवायचं, तर जनकाबाईनं पिशवी खांद्याला लावून घरोघर फिरायचं.

बारा वर्षं झाली होती त्या कामाला. गुडघे आता उतारावरसुद्धा दुखायचे. दोनदा तिनं सेनगावला तहसीलात अर्ज दिला होता की मला यातून मोकळं करा. दुसरं माणूस मिळालं की करू, असं दोन्ही वेळा सांगण्यात आलं. तिसरा अर्ज तिनं लिहिला, पण दिला नाही. नवरा किशनराव म्हणायचा, "तुला सोडीत न्हाईत ते. तू नीट काम करतीस ना, हेच चुकलं."

जनकाबाई मूळची कळमनुरीकडची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली. दहावी तिनं लग्नानंतर बाहेरून केली. पहिलं मत दिलं ते एकोणनव्वद साली. त्या वेळी मताचं वय एकवीसचं अठरावर आलं होतं, म्हणून विसाव्या वर्षीच तिचं नाव यादीत लागलं. शाळेतले मास्तर घरी येऊन नाव लिहून घेऊन गेले होते. मतदानाच्या दिवशी कडेवर पोरगं होतं. रस्त्यानं जाताना सासऱ्यानं चिन्ह सांगितलं, शिक्का कुठं मारायचा सांगितलं, कागदाची घडी कशी घालायची तेही सांगितलं. तिनं तसं केलं. बोटाची शाई लवकर जाऊ नये म्हणून चार दिवस ती भांडी जपून घासत होती, एवढं तिला आठवतं. मत मिळालं होतं. तिचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारलं नाही, आणि असं काही आपल्याला असू शकतं हे तिलाही सुचलं नाही.

ही गोष्ट आहे ती ग्रामपंचायतीची निवडणूक लागायच्या वर्षाची.

जुलैचे दिवस होते. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. जनकाबाई नवीन नावांचे फॉर्म घेऊन तांड्यावर गेली. भावसिंग आडेच्या दारात त्याची थोरली पोरगी मिना डोक्यावरून हंडा उतरवत होती. मिना गोरेगावला कॉलेजात होती, नुकतीच बारावीत गेलेली. तिच्या पाठीवर दोन बहिणी, आणि घरात आंधळी आजी. दसरा झाला की भावसिंग आणि त्याची बायको शकुंतलाबाई ऊस तोडायला जायचे, ते एकदम पाडव्याच्या सुमाराला परत यायचे. तेवढे महिने हे घर मिना चालवायची.

"माझं नाव घाला, बाई," मिना म्हणाली.

"वय किती?"

"जूनमधी सतरा पूर्ण झाले."

"मग पुढल्या जूनला."

"निवडणूक तर हिवाळ्यात हाय."

"हाय. पण यादी आत्ताची धरतेत."

मिनानं ओढणीनं तोंड पुसलं. मग सावकाश म्हणाली, "रेशनच्या मशीनला माझा अंगठा चालतो. याडी-बापू ऊस तोडायला गेले की पाच महिने मीच आणते रेशन. नळाची तोटी बसून दीड वर्ष झालं, पाणी न्हाई, तर त्या पाणीवाल्याशी मीच भांडते. आजीला दवाखान्यात मीच नेते. मताला माझा अंगठा काहून चालत न्हाई?"

"कायदा हाय तसा."

"हिवाळ्यात तांड्यात राहते कोण, बाई? म्हातारे आन् आमी. म्हाताऱ्यायला मत हाय. जे इथं राहत न्हाईत त्यायला बी मत हाय, त्यायला गाडी करून आणतेत. आमीच तेवढे न्हाई."

"पयले एकवीस होतं. मग अठरा झालं. उद्या सोळा बी करतील," जनकाबाई म्हणाली. तिला बसायचं होतं. मिनानं पाट दिला, पाणी दिलं.

"उद्या केलं तर मला काय त्याचं," मिना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब लागत नाही म्हणून माणूस परत परत विचारतं तसं ती विचारत होती.  जनकाबाईनं पाणी पिलं आणि पुढच्या घराचं नाव काढलं.

तेवढ्यात भावसिंग गोठ्यातून आला. त्याचं आणि जनकाबाईचं आदल्या वर्षापासून जरा अवघड झालं होतं. आदल्या वर्षी वसमतकडच्या एका तांड्यातून मिनाला स्थळ आलं होतं आणि त्यानं हो म्हणून टाकलं होतं. गावात मुलांच्या संरक्षणाची एक समिती असते, तिचं लिहायचं काम सेविकेकडं. जनकाबाईनं शाळेचा दाखला काढला, पोरगी सोळाची आहे हे ग्रामसेवकाला दाखवलं, आणि लग्न थांबलं. भावसिंग वाईट माणूस नव्हता. त्यानं तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "बाई, तरणी पोरगी घरी ठिवून आमी पाच महिने तिकडं फडावर. जीव थाऱ्यावर राहत न्हाई. लगीन झालं तर तिचा नवरा तिला संग घेऊन फिरील. तुमच्या कागदाला हे कळते का?" कागदाला कळत नव्हतं. जनकाबाईला कळत होतं, पण तिनं सही केली होती.

आता तो म्हणाला, "जून झाला की अठरा ना, बाई?"

"पुढल्या जूनला."

"तेच म्हणलं."

तांड्याच्या शेवटापर्यंत शकुंतलाबाई सोबत आली. चालता चालता म्हणाली, "बाई, एक सांगू का. मिनी सतराची कशी व्हईल? ती फडावर झाली, संक्रांत होती. शाळेत घालायच्या टायमाला आमी एक वर्ष तिला संगच नेलं होतं. नंतर घातली तवा गुरुजीनं आपल्या मनानं तारीख टाकली."

जनकाबाईला यात नवल नव्हतं. आमच्याकडं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा आहे. पोरगं पहिलीत आलं की सहा वर्षं बसली पाहिजेत, म्हणून गुरुजी एक जून टाकायचे. त्यात आजवर कुणाचं फार काही बिघडलं नव्हतं.

घरी येऊन तिनं माळ्यावरची पत्र्याची पेटी किशनरावाला काढायला लावली. जुनी रजिस्टरं तिनं फेकली नव्हती. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, पण पानं शाबूत होती. अर्ध्या तासानं नोंद सापडली. तिच्याच अक्षरात होती, ठळक आणि गोल, कारण तेव्हा नोकरी नवीन होती आणि ती अक्षर काढून लिहायची. भावसिंग आडे यांची मुलगी. जन्म चौदा जानेवारी, ऊसफडावर, आईच्या सांगण्यावरून. बाळंतीण पंधरा दिवसांनी तांड्यात परतल्यावर घेतलेलं वजन. साल बघून तिनं बोटांवर मोजलं. मिना साडेअठरा वर्षांची होती.

या नोंदीवर मिनाचा जन्माचा दाखला तहसीलातून निघाला असता. दोन-तीन खेटे पडले असते, पण निघाला असता, आणि मिनाचं नाव यादीत लागलं असतं. आणि त्याच दाखल्यावर भावसिंगनं दसऱ्याच्या आत तिचं लग्न लावून दिलं असतं. मग समितीला बोलायला जागा उरली नसती.

"दे की मग," सगळं ऐकून किशनराव म्हणाला.

"दिला तर लगीन लावील तो."

"मग नको देऊ."

"तिला मत पायजे हाय."

"अठराच्यायनं मत देऊन काय दिवे लावले, की ती लावील," किशनराव म्हणाला. मग पेटी परत वर ठेवताना म्हणाला, "तुझं तू बघ. मला काय इचारून राहिलीस."

आठ दिवसांनी मिना अंगणवाडीत आली. लेकरं खिचडी खात होती. तिला आईनं सांगितलं होतं. म्हणाली, "बाई, तुमच्याकडं जुनं रजिस्टर असंल. माझी नोंद बघून द्या ना."

जनकाबाई लेकरांच्या ताटल्या गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ते रजिस्टर आता माझ्याकडं न्हाई. हापिसात जमा झालं. तिथं काय सापडत न्हाई आता."

मिना "बरं," म्हणाली आणि गेली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत जनकाबाईनं लेकरांची वजनं कधी वाढवून लिहिली नव्हती. वरून सांगण्यात आलं तेव्हाही नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिनं जेवण केलं नाही, अंग दुखतं म्हणून सांगितलं, आणि अंगही खरंच दुखत होतं. आपण पोरीला वाचवलं असं ती मनाला सांगत राहिली. ते खोटं नव्हतं. पण ते सांगताना तिला बरंही वाटत नव्हतं.

दसरा झाला. तांडा रिकामा झाला. ट्रॅक्टर गेले तसे कुडाच्या दारांना कुलपं लागली. राहिले म्हातारे आणि शाळा-कॉलेजातली पोरं. डिसेंबरात मतदान आलं. आदल्या दिवशी एका उमेदवारानं दोन पिकअप धाडून तोडणीवरची माणसं आणवली. पहाटे ती उतरली, अंगावर उसाच्या पाल्याचं टोचरं कूस तसंच. भावसिंग आणि शकुंतलाबाई त्यांतच होते. त्यांनी सकाळी पहिल्या रांगेत मत दिलं, घरी जाऊन पोरींना बघितलं, आणि दहाच्या आत पिकअप त्यांना घेऊन परत गेली. शकुंतलाबाई धाकटीच्या डोक्याला तेल लावायला बसली होती, ते अर्धंच राहिलं.

जनकाबाई शाळेच्या दाराशी टेबल टाकून यादी घेऊन बसली होती. अकराच्या सुमाराला मिना आजीला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. आंधळ्या माणसाला सोबती नेता येतो. मिना आत जाऊ लागली तशी केंद्राध्यक्षानं विचारलं, "वय किती तुझं?"

"सतरा."

"सोबती अठराच्या वरचा पाहिजे." तो परगावचा मास्तर होता, थकलेला, आदल्या दिवसापासून शाळेतच. त्यानं जनकाबाईकडं बघितलं. "बाई, हिचं नाव आहे का यादीत?"

जनकाबाईला यादी उघडायचीही गरज नव्हती. तरी तिनं पान उलटलं, बोट फिरवलं. "न्हाई," ती म्हणाली.

मिना दारातच थांबली. तिनं आजीचा हात सोडला नाही. बाहेर पिकअप धाडणाऱ्या उमेदवाराचा माणूस विकास उभा होता. तो पुढं आला. "मी नेतो म्हातारीला. चल माय." त्याचं वय अठ्ठावीस होतं, नाव यादीत होतं, त्यानं फॉर्मवर सही केली. दोन मिनिटांत दोघं बाहेर आले. म्हातारी मिनाचा खांदा चाचपत बंजारी बोलीत काहीतरी पुटपुटली. जनकाबाईला ती बोली बरीच कळायची. म्हातारी म्हणत होती की त्यानं मला विचारलंच नाही, माझं बोट धरलं आणि दाबलं.

मिना आजीला घेऊन निघून गेली.

निकाल लागला तेव्हा तांड्याच्या वॉर्डात तोच उमेदवार साठ मतांनी निवडून आला. एका मतानं काही फिरलं नसतं. दोन मतांनीही नाही. जनकाबाईनं हे स्वतःला बऱ्याच वेळा सांगून बघितलं.

जानेवारीच्या पंचवीस तारखेला मतदार दिवस असतो. गोरेगावच्या एका शाळेत त्या निमित्तानं वादविवाद ठेवला होता. विषय होता मतदानाचं वय सोळा करावं का. शाळेतले वैजनाथ सर उत्साही माणूस. त्यांनी चार गावांच्या बीएलओंना बोलावून पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, गुलाबाचं एकेक फूल दिलं. एका पोरीनं भाषण केलं की आजची पिढी मोबाईलमुळं जागरूक आहे, सोळा करावं. एका पोरानं केलं की या वयात समज नसते, माणूस कुणाच्याही नादी लागतो, उलट परत एकवीस करावं. दोघांनी पाठ केलं होतं, दोघं मध्येच अडकले आणि दोघांनाही टाळ्या पडल्या. जनकाबाईला पोराचं बोलणं ऐकताना आपलाच सासरा आणि आपलाच शिक्का आठवत होता, आणि पोरीचं ऐकताना मिना.

शेवटी वैजनाथ सर म्हणाले, "जनकाबाई, तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव. तुम्हाला काय वाटतं, मुलांना सांगा."

जनकाबाई उठली. खुर्चीला धरून उभी राहिली. दीडशे पोरं तिच्याकडं बघत होती. "मला सांगता येत न्हाई, सर," ती म्हणाली. "मी निस्ती फॉर्म भरते." आणि बसली. सरांनी हसून टाळ्या वाजवायला लावल्या.

जीपनं ती फाट्यावर उतरली. घरी जाऊन तिनं रजिस्टर पिशवीत घातलं आणि तशीच तांड्याकडं चालायला लागली. दुपारचे तीन वाजले होते. रानात तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, बाकी माळ उघडा पडला होता. गुडघा वाटेत दोनदा अडकला. मिना दारात बाजेवर बसून बारावीचं काहीतरी वाचत होती. आजी उन्हाला पाठ देऊन बसली होती.

जनकाबाई बाजेच्या कडेला टेकली. रजिस्टर काढून तिनं पान उघडलं आणि मिनाच्या हातात दिलं.

"हे हापिसात जमा न्हाई झालं. माझ्या घरीच होतं," ती म्हणाली. "तू आलतीस तवा बी होतं."

मिनानं ओळ वाचली. मग परत वाचली. पहिल्यांदा ती म्हणाली, "सव्वादोन किलो. एवढीशीच होते मी?"

"एवढीशीच. मी भेत भेत वजन केलं तुझं."

"मंजे मी अठराची हाय."

"परवाच्या संक्रांतीला एकोणीस झाले."

मिनानं बोट ओळीवर ठेवलं ते तसंच ठेवलं. जनकाबाईनं सगळं सांगितलं. लग्नाचं, दाखल्याचं. त्या रात्री आपण जेवलो नाही ते मात्र सांगितलं नाही. मिना ऐकत होती. मतदानाच्या दिवसाचं दोघींपैकी कुणी काढलं नाही, पण आजी तिथंच बसली होती.

"तुमी मला इचारायचं होतं," मिना म्हणाली.

"इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?"

मिनाला विचार करावा लागला नाही. "न्हाई म्हणले असते. लगीन नको मला. मत एका दिवसाचं, लगीन जलमाचं. पण ते म्या म्हणले असते, बाई. तुमी म्हणायचं न्हवतं."

जनकाबाईनं मान हलवली. माफ कर असं म्हणायची तिला सवय नव्हती, आणि पोरीलाही ते ऐकायचं होतं असं दिसलं नाही. मग मिनानंच विचारलं, "आज शाळेत काय ठरलं? सोळा करणार का?"

"शाळेत काय ठरते. पोरायचे भाषणं होते."

"तुमाला काय वाटते?"

"मला इचारलं होतं तिथं. मी काई बोलले न्हाई." जनकाबाईनं गुडघा दाबला. "मला इसाव्या वर्षी भेटलं मत. सासऱ्यानं सांगितलं तिथं शिक्का मारला. तुला नळाचं ठाऊक, रेशनचं ठाऊक, कोण निवडून आल्यावर काय करील ते ठाऊक. तुला न्हाई भेटलं. आता मी कोण्या तोंडानं वय सांगू? सोळा म्हणावं तर भेव वाटते, ते लोक लग्नाचं बी सोळा करतील. अठरा राहू द्या म्हणावं तर तुझ्याकडं बघवत न्हाई."

"लग्नाचं येगळं हाय, मताचं येगळं हाय," मिना म्हणाली.

"कायद्यात येगळं हाय. तुझ्या बापाच्या डोक्यात एकच हाय."

मिना हसली, थोडीशीच. रजिस्टर मिटून तिनं परत दिलं. "ठिवा तुमच्याकडं. जूनपर्यंत मी सतराचीच. याडीला बी सांगते, बोलू नको म्हणून."

चहा झाला. जनकाबाई निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. मिना तांड्याच्या शेवटापर्यंत आली नाही, आणि जनकाबाईनंही तशी अपेक्षा केली नव्हती.

पाडव्याच्या आधी भावसिंग परत आला, आणि पंधरा दिवसांत वसमतकडचेच पाहुणे पुन्हा आले. एप्रिलातली तारीख म्हणत होते. मिनानं स्वतः बापाला सांगितलं की कागदावर सतरा आहे, पोलीस आले तर तुम्ही आत जाल. भावसिंगनं ते पाहुण्यांना सांगितलं, पाहुणे जूनपर्यंत थांबायला तयार नव्हते, त्यांना दुसरीकडं पोरगी मिळाली. कुणीतरी कळवलं म्हणून ग्रामसेवक चौकशीला आला. त्यानं जनकाबाईला लेखी मागितलं. तिनं आधी "शाळेच्या दाखल्याप्रमाणे" हे शब्द लिहिले, मग सतरा हा आकडा लिहिला, आणि मग सही केली. सही करायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ग्रामसेवकानं कागद घडी घालून खिशात ठेवला. भावसिंगनं त्यानंतर तिला रामराम करणं सोडलं.

मे महिन्यात निकाल लागला. मिना बारावी पास झाली, अठ्ठावन्न टक्के. शकुंतलाबाईनं जनकाबाईकडं पेढे पाठवले, भावसिंगला न सांगता. जूनच्या दोन तारखेला मिना अंगणवाडीत आली. फॉर्म तिनं स्वतःच भरून आणला होता, फोटो चिकटवलेला. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहिलं होतं, अक्षर चांगलं होतं. जनकाबाईनं सगळे रकाने तपासले आणि पावती फाडून दिली.

"आता निवडणूक कवा?" मिनानं विचारलं.

"ग्रामपंचायतीची पाच वर्षानं. मधात दुसऱ्या येतील, मोठ्या."

"मोठ्यानं आमच्या तांड्याचं काय व्हते," मिना म्हणाली आणि पावती पुस्तकात ठेवली.

भावसिंगनं तिला हिंगोलीला नर्सिंगला घालायला मोठ्या मुश्किलीनं होकार दिला. दोन वर्षं म्हणाला, पुढचं मग बघू. मधल्या बहिणीनं शाळा सोडली नाही, पण पाण्याचं आणि आजीचं काम आता तिच्याकडं आलं. ती पंधराची होती.

पुढच्या पावसाळ्यात मतदार यादीच्या प्रशिक्षणाला जनकाबाईला हिंगोलीला जावं लागलं. दिवसभर एका हॉलमध्ये बसवून त्यांना मोबाईलवर नावं कशी चढवायची ते शिकवलं. तिला निम्मं कळलं. संध्याकाळी बसस्टँडवर मिना भेटली, पांढऱ्या कोटात, सोबत दोन मैत्रिणी. तिनं वाकून नमस्कार केला. म्हणाली, "बाई, आमच्या हॉस्टेलात सात-आठ पोरीयचे नावं न्हाईत कुठंच. तुमी घेता का फॉर्म?"

"हा माझा भाग न्हाई, पोरी. इथं दुसरी बाई असंल."

"ती येतच न्हाई."

जनकाबाईनं पिशवीत हात घातला. प्रशिक्षणात वाटलेले कोरे फॉर्म होते, ते तिनं मोजले नाहीत, सगळेच दिले. "हे भरून घ्या. आधार लावा, दाखला लावा. आन् तहसीलात नेऊन द्या तुमीच. पोच घ्या बराबर."

सेनगावची बस लागली होती. मिनानं तिला खिडकीशी जागा धरून दिली आणि खाली उतरली. जनकाबाईनं चपला काढून पाय पुढच्या सीटखाली लांब केले. बस गावाबाहेर पडायच्या आत तिचा डोळा लागला होता.